हृदयविकाराच्या झटक्यानंतरची औषधे : सुरक्षित कोणती, हे ठरवायचे कसे?

गंगापूररोडवासी :

हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला घरी सोडताना जी औषधे लिहून दिली जातात, ती त्या रुग्णासाठी सुरक्षित आहेत हे डॉक्टर कशावरून ठरवतात आणि घरच्यांनी त्यांना नेमके काय विचारावे, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. जुना मधुमेह, गुडघेदुखी आणि पित्त हे त्रास आधीपासूनच होते. गेल्या महिन्यात झटका आल्यावर अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. घरी सोडतानाच्या कार्डावर ॲस्पिरिन ७५, टिकाग्रेलोर ९० दिवसातून दोनदा, कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन २०, मेटोप्रोलॉल २५, रामिप्रिल २.५ आणि पॅन्टोप्राझोल ४० अशी औषधे आहेत. मधुमेहाची गोळी त्यांच्या जुन्या डॉक्टरांनी दिलेली, ती तशीच चालू आहे.

भेटायला येणारी मंडळी काळजीपोटीच बोलतात, पण प्रत्येकाचे म्हणणे निराळे असते. इतक्या गोळ्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात, निम्म्या बंद करा, असे कोणी सांगते. कोलेस्टेरॉलची गोळी तेवढी घेऊ नका, असे दुसरे कोणी. एका नातेवाइकांनी अर्जुनसालीचा काढा आणून दिला आहे. वडिलांच्या स्वतःच्या तक्रारी दोन आहेत. बसल्याजागी एकदम श्वास अपुरा पडल्यासारखे होते आणि काही मिनिटांत ते आपोआप थांबते. शिवाय गुडघे फार दुखू लागले की ते पूर्वीची डायक्लोफिनॅकची गोळी मागतात. पुढच्या तपासणीला अजून अवकाश आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पंचवटीकर :

मला स्टेंट बसवून बरीच वर्षे झाली, त्यामुळे सर्वांत आधी एवढेच सांगतो की रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या ज्या दोन गोळ्या आहेत, म्हणजे ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलोर, त्यांपैकी एकही कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचे अस्तर चढायला वेळ लागतो आणि तोवर तिथे गुठळी धरली, तर ती वाहिनी एकदम बंद होऊ शकते. म्हणून झटक्यानंतर साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या आणि त्यानंतर बहुधा एक कायमची, असा क्रम असतो. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्या रुग्णांत डॉक्टर ही मुदत कमी करतात, पण तो निर्णय त्यांनीच घ्यायचा. श्वासाच्या तक्रारीसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका, उद्याच फोन करा.

औषधनिर्माती :

मी गोळे कॉलनीत औषधांच्या व्यवसायात आहे आणि अशी कार्डे रोज पाहते. आपण विचारलेला प्रश्न योग्य आहे, फक्त त्याची मांडणी थोडी बदलावी असे सुचवते. एखादी गोळी सर्वांसाठी सुरक्षित किंवा सर्वांसाठी घातक अशी फारशी नसते. ती कोणाला, कोणत्या दुसऱ्या गोळीबरोबर आणि मूत्रपिंडाची कोणती स्थिती असताना दिली, यावर सगळे अवलंबून असते.

ॲस्पिरिनच्या जोडीला द्यायच्या दुसऱ्या गोळीचेच पाहा. तिथे क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलोर असे तीन पर्याय आहेत. ज्यांना पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेला आहे, त्यांना प्रासुग्रेल देत नाहीत. पंच्याहत्तरीच्या पुढे आणि ६० किलोपेक्षा कमी वजन असतानाही ते जपूनच वापरतात, कारण रक्तस्राव वाढतो. क्लोपिडोग्रेल सर्वांत जुने आणि स्वस्त आहे, पण त्याचे यकृतात सक्रिय औषधात रूपांतर व्हावे लागते आणि ते काम करणारे विकर (एन्झाइम) काही लोकांत जन्मतःच दुबळे असते. आशियाई लोकांत हे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा अधिक आहे. टिकाग्रेलोरला या रूपांतराची गरज नसते, ते लवकर आणि खात्रीने काम करते. मात्र त्याने रक्तस्राव अधिक होऊ शकतो, ते दिवसातून दोनदा न चुकता घ्यावे लागते आणि त्याच्याबरोबर ॲस्पिरिनची रोजची मात्रा १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नसते. आपल्या वडिलांना ७५ आहे, ते बरोबर आहे.

घसा किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अनेकदा लिहिले जाते. ते टिकाग्रेलोरबरोबर चालत नाही. त्यामुळे सर्दी-खोकल्यासाठी शेजारच्या दवाखान्यात गेलात तरी हे कार्ड बरोबर न्या.

सिडकोकर :

ताई, माझ्या आईला झटक्यानंतर क्लोपिडोग्रेलच दिले होते आणि ती उत्तम आहे. मग अनेक पटींनी महाग औषध का लिहायचे? यात रुग्णाच्या हितापेक्षा विक्रीचा विचार जास्त असतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

फिजिशियन_देवळाली :

सिडकोकर, आपला संशय समजण्यासारखा आहे, पण इथे पुरावा स्पष्ट आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्लेटो या मोठ्या चाचणीत झटका आलेल्या रुग्णांमध्ये क्लोपिडोग्रेलपेक्षा टिकाग्रेलोरने पुढचे झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले. म्हणून सुरुवातीच्या काळात ते देण्यामागे वैद्यकीय कारण आहे. आपल्या आईंना क्लोपिडोग्रेल दिले, तेही चूक नाही. वय, रक्तस्रावाची भीती आणि वर्षभर औषध परवडेल की नाही, या सगळ्यांचा विचार करूनच ते दिलेले असते. परवडत नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात सोडून दिलेल्या टिकाग्रेलोरपेक्षा रोज घेतलेले क्लोपिडोग्रेल केव्हाही बरे.

आता मूळ प्रश्नातील श्वासाबद्दल. बसल्याजागी श्वास अपुरा वाटणे आणि ते आपोआप थांबणे, हा टिकाग्रेलोरचा परिचित परिणाम आहे. तो बहुधा निरुपद्रवी असतो आणि अनेकांत काही आठवड्यांत कमी होतो. परंतु झटक्यानंतर श्वास लागण्याचे हे एकच कारण नसते. हृदयाचे पंपिंग कमी होऊन फुप्फुसात पाणी साठत असेल, तरीही श्वासच लागतो आणि ते दुर्लक्षून चालत नाही. आडवे झाल्यावर दम वाढतो का, रात्री दमाने जाग येते का, पायांवर सूज आहे का, वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढले का, हे आजच पाहा. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, किंवा श्वासाबरोबर छातीत दुखत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक चौकशी करतो. मधुमेहाची गोळी कोणती आहे? आपल्याकडे मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन हे तिन्ही एकाच गोळीत असलेली औषधे सर्रास चालतात. पायोग्लिटाझोनने शरीरात पाणी साठते आणि हृदय दुबळे असताना ते टाळायचे असते. जुन्या डॉक्टरांनी ती गोळी दिली तेव्हा झटका आलेला नव्हता, त्यामुळे त्यांचा तेव्हाचा निर्णय योग्य असू शकतो. आता परिस्थिती बदलली आहे.

डायक्लोफिनॅक कृपया देऊ नका. हृदयविकार असलेल्या रुग्णांना ते देऊ नये, असे युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली स्पष्ट केले. आयबुप्रोफेनही नको, त्यात आणखी एक अडचण अशी की ते ॲस्पिरिनची जागा अडवून त्याचे काम निष्फळ करू शकते. या दोन्ही गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, रक्तदाब वाढतो आणि रामिप्रिल चालू असताना मूत्रपिंडावर ताण येतो. मूत्रपिंडाची ज्यांना काळजी वाटते, त्यांनी कार्डावरच्या गोळ्या कमी करण्याऐवजी घरच्या डब्यातली वेदनाशामके काढून टाकावीत, हे मी अगदी मनापासून सांगतो. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांपासून सुरुवात करता येते.

निफाडकर :

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल कोणीतरी सविस्तर लिहावे. मला बायपासनंतर ॲटोर्व्हास्टॅटिन ४० दिले आहे. माझे कोलेस्टेरॉल आता कमी झाले आहे, मग गोळी चालू का ठेवायची, असे घरचे विचारतात. मांड्याही दुखतात. शिवाय या गोळीबरोबर द्राक्षे चालत नाहीत असे कोणी सांगितल्यापासून हंगामात स्वतःच्या बागेतला घड तोंडात टाकायलाही मन धजत नाही.

औषधनिर्माती :

काका, द्राक्षे निश्चिंतपणे खा. मधुमेह असेल तर तेवढे प्रमाण सांभाळा. ज्या फळाच्या रसाने ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यांची रक्तातली पातळी वाढते, ते पपनसाच्या कुळातले ग्रेपफ्रूट आहे आणि त्याचा द्राक्षाशी काहीही संबंध नाही. पपनस मात्र बेताने घ्या.

गोळीमुळेच कोलेस्टेरॉल कमी झाले आहे, ती थांबवली की ते पुन्हा चढेल. झटका येऊन गेलेल्यांसाठी घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली आणि आता बहुतेक तज्ज्ञांच्या मते ५५ च्याही खाली ठेवायचे असते. प्रयोगशाळेच्या अहवालावर छापलेली सामान्य मर्यादा निरोगी माणसासाठी असते, हे पुष्कळांना कोणी सांगतच नाही. एका गोळीने तेवढे खाली आले नाही, तर एझेटिमाइब हे दुसरे औषध जोडतात.

निवडीविषयी सांगायचे तर, मूत्रपिंडे बरीच दुबळी असतील तेव्हा रोसुव्हास्टॅटिनची मात्रा कमी ठेवावी लागते. ॲटोर्व्हास्टॅटिनला ती अडचण नाही. आशियाई लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी युरोपीय लोकांपेक्षा जास्त चढते, म्हणून अधिक मात्रा जपून देतात. मूळ प्रश्नकर्त्यांनी वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे आहे हे दाखवणारी रक्ताची तपासणी) किती आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

फिजिशियन_देवळाली :

निफाडकर, स्नायूंच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका आणि गोळीही परस्पर बंद करू नका. सीपीके नावाची रक्ताची साधी तपासणी करून घ्या. दुखणे तीव्र असेल, अशक्तपणा वाटत असेल किंवा लघवीचा रंग गडद झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. बहुतेकांच्या बाबतीत एवढे गंभीर काही नसते. त्रासामुळे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची ही गोळी, सोडून दिलेल्या लोकांवर २०२० साली सॅमसन नावाचा एक लहान पण नेटका अभ्यास झाला. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषधविरहित गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. खऱ्या गोळीने जेवढा त्रास जाणवला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही जाणवला. दुखणे खोटे होते असा याचा अर्थ नाही. त्याचे कारण औषधाचे रसायन असेलच असे नाही, एवढाच आहे. मात्रा कमी करणे किंवा दुसरे स्टॅटिन देणे, हे मार्ग मोकळे असतात.

१९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत हृदयविकाराच्या ४४४४ रुग्णांपैकी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी कमी झाले होते. इतका फायदा देणारी गोळी सोडण्याआधी तिला पुरेशी संधी द्यावी.

वैद्य_रामकुंड :

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि अर्जुनावर माझी श्रद्धा आहे. तरीही स्पष्ट लिहितो की झटक्यानंतरच्या पहिल्या वर्षात कोणताही काढा हृदयरोगतज्ज्ञांना न सांगता सुरू करू नये आणि काढा घेतो म्हणून ॲस्पिरिन किंवा स्टॅटिन थांबवणे तर सर्वस्वी चुकीचे आहे. अर्जुनाने रक्तदाब थोडा उतरू शकतो. तो उतरवणाऱ्या दोन गोळ्या, मेटोप्रोलॉल आणि रामिप्रिल, आधीच चालू आहेत. काढ्याच्या मिश्रणात ज्येष्ठमध असेल तर अधिकच सावध राहावे, कारण ते रोज आणि जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. बाटलीवर सर्व घटक लिहिलेले नसतील, तर ती बाजूला ठेवावी.

सिडकोकर :

वैद्यबुवा, आपण हे लिहिलेत ते फार बरे झाले. माझ्या मामांनी असाच काढा सुरू करून गोळ्या सोडल्या होत्या आणि त्यांना समजावताना आम्ही सगळे थकलो होतो. त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवतो.

परिचारिका_इंदिरानगर :

मी अतिदक्षता विभागात काम केले आहे. रुग्ण घरी गेल्यावर ज्या प्रसंगांत गडबड होते, ते सांगते.

दात काढायची वेळ येते आणि कोणीतरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठवडाभर बंद करायला सांगते. दंतवैद्यांना स्टेंटची तारीख सांगा आणि हृदयरोगतज्ज्ञांशी बोलायला लावा. बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच दात काढता येतो.

पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूची साथ येते. ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय काही घेऊ नका आणि लगेच प्लेटलेटची तपासणी करा. प्लेटलेट उतरत असतील, तर ॲस्पिरिन व जोडीची गोळी थांबवायची की नाही हा अवघड निर्णय असतो. तो घरी घेऊ नका.

छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिली असेल, तर ती बसून घ्यावी, उभ्याने घेतल्यास भोवळ येते. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतले असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतले असेल तर ४८ तास ही गोळी वर्ज्य आहे, कारण रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. पुरुष रुग्ण हे संकोचाने सांगत नाहीत आणि मुलेही विचारत नाहीत. डॉक्टरांना एकांतात विचारू द्यावे.

शौच डांबरासारखे काळे झाले, तर ते पित्त समजू नका. तो पोटातला रक्तस्राव असू शकतो.

नाशिकरोडकर :

मेटोप्रोलॉलच्या गटातल्या, म्हणजे हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांची आता गरज उरलेली नाही, असे नवे संशोधन आल्याचे वाचले. ते खरे असेल, तर निदान एक गोळी तरी कमी होईल.

फिजिशियन_देवळाली :

ते अर्धे खरे आहे. २०२४ सालच्या रिड्यूस-एएमआय या चाचणीत, ज्यांचे पंपिंग झटक्यानंतरही ५० टक्के किंवा अधिक राहिले, अशा सुमारे ५ हजार रुग्णांना या गोळ्यांचा फायदा दिसला नाही. पंपिंग कमी असलेल्यांसाठी मात्र त्या आजही आवश्यक आहेत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये असेही दिसले की दीर्घकाळ चालू असलेली ही गोळी बंद केलेल्या रुग्णांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ अधिक आली. म्हणून वडिलांच्या इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल हातात घेऊन हा प्रश्न जरूर विचारा, पण मेटोप्रोलॉल एकदम थांबवू नका. थांबवायचे ठरलेच तर ते हळूहळू उतरवतात. मधुमेही रुग्णांनी एक लक्षात ठेवावे, की साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे जाणवत नाही, घाम मात्र येतो. घाम फुटला की साखर तपासावी.

रामिप्रिलबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे सांगतो. ते सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे असते. कोरडा खोकला लागला, तर टेल्मिसार्टन किंवा व्हल्सार्टन हे पर्याय आहेत. रक्तदाबासाठी चांगले म्हणून काही घरांत कमी सोडियमचे मीठ आणतात. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि रामिप्रिल घेणाऱ्याच्या रक्तातले पोटॅशियम त्याने धोकादायक पातळीला जाऊ शकते. नेहमीचेच मीठ, पण कमी वापरा.

सातपूरकर :

खर्चाचा मुद्दा मध्येच राहून गेला. कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी सर्व गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतो. मोठा फरक पडतो आणि तब्येतीत काही बिघाड नाही. मात्र तिथे ॲस्पिरिन, ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रामिप्रिल एकत्र असलेली कॅप्सूल मिळेल का, असे विचारले, तर कोणालाच नीट सांगता आले नाही.

औषधनिर्माती :

अशा संयुक्त गोळ्यांना आता चांगला आधार आहे. २०२२ च्या सिक्युअर चाचणीत झटक्यानंतर हीच तीन औषधे एकत्र दिलेल्या रुग्णांत हृदयविकाराच्या गंभीर घटना सुटी औषधे घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अशा गोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. पण मात्रा स्थिर झाल्यानंतरच त्या सोयीच्या असतात. पहिल्या काही महिन्यांत रामिप्रिल वाढवावे लागते, स्टॅटिन बदलावे लागते. तेव्हा सुट्या गोळ्याच बऱ्या.

जेनेरिक घेताना दर महिन्याला कंपनी बदलली, तर गोळीचा रंग आणि आकार बदलतो आणि वयस्कर रुग्ण एकच औषध दोनदा घेतात. प्रत्येक वेळी स्ट्रिपवरचे औषधाचे मूळ नाव कार्डाशी ताडून पाहा.

गंगापूररोडवासी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंचवटीकरांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि त्यांनी लगेच बोलावले. इको पुन्हा केला. पंपिंग ५० टक्के आहे आणि फुप्फुसात पाणी नाही. घरातली सर्व औषधे पिशवीत घालून नेली होती. मधुमेहाच्या गोळीत पायोग्लिटाझोन निघाले आणि पायांवर थोडी सूजही होती, त्यामुळे ती गोळी बदलली. श्वासाचा त्रास टिकाग्रेलोरचाच असावा, असे त्यांचे मत पडले. आणखी थोडे दिवस थांबण्याचा पर्यायही त्यांनी दिला होता, पण वडील घाबरून झोपेनासे झाले आहेत, हे पाहून त्यांनी क्लोपिडोग्रेल लिहिले. पहिली मात्रा केव्हा आणि किती घ्यायची, हे त्यांनी स्वतः लिहून दिले. मेटोप्रोलॉल सध्या चालू राहील, तीन महिन्यांनी पुन्हा विचार करू, असे ते म्हणाले. क्रिएटिनिन १.३ आहे, म्हणून रामिप्रिलची मात्रा न वाढवता पुन्हा तपासणी सांगितली आहे. डायक्लोफिनॅक घरातून गेले, काढाही थांबवला आहे.

बदललेल्या औषधांत आता आणखी काही सांभाळायचे आहे का?

औषधनिर्माती :

आहे. क्लोपिडोग्रेल सुरू झाल्यामुळे पित्तासाठी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या दोन्ही गोळ्या वडिलांना देऊ नका, कारण ज्या विकरामुळे क्लोपिडोग्रेल सक्रिय होते, त्यालाच त्या अडवतात. कार्डावरचे पॅन्टोप्राझोल चालते, तेच ठेवा. घरात दुसऱ्या कोणासाठी ओमेप्राझोल आणलेले असेल, तर ते वेगळ्या डब्यात ठेवा. टिकाग्रेलोरच्या उरलेल्या स्ट्रिपा आणि मधुमेहाची जुनी गोळी आजच घराबाहेर काढा, म्हणजे दोन्ही औषधे चुकून एकत्र घेतली जाणार नाहीत. जुन्या कार्डावर रेघ मारून नव्या औषधांची तारखेसह यादी करा आणि तिची एक प्रत मधुमेहाच्या डॉक्टरांना नेऊन द्या. पुढची चिठ्ठी ते लिहितील तेव्हा हे सारे त्यांच्यासमोर असायला हवे.